फ्रीआरटीओएस, आठ महिन्यांनंतर

लेबलिंग मशीनचा कंट्रोलर करताना सुपरलूपला (सगळी कामं एकाच लूपमध्ये एकामागोमाग) वैतागून फ्रीआरटीओएसवर आलो, म्हणजे छोट्या चिपवर वेगवेगळी कामं (टास्क) प्रायॉरिटीप्रमाणे चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम. बोर्डवर एसटीएम३२एफ४०७ (कॉर्टेक्स-एम प्रोसेसरची चिप), टिक, म्हणजे सिस्टिमच्या घड्याळाचा ठोका, १ मिलिसेकंद. कर्नल (सिस्टिमचा गाभा) २००३ पासूनचा, २०१७ पासून अ‍ॅमेझॉन सांभाळतं, लायसन्स एमआयटी, म्हणजे प्रॉडक्टमध्ये टाकताना वकील गाठावा लागत नाही.

सुरुवात मस्त झाली. मोटर सगळ्यात वरच्या प्रायॉरिटीला, मध्ये मोडेम, खाली डिस्प्ले, दोन दिवसांत सगळं पळायला लागलं. तिसऱ्या महिन्यात मात्र लेबल मधूनच तिरकं बसायला लागलं, दिवसातून दोनतीनदाच, आणि तेही मी चहाला गेलो की! मेकॅनिकलवाल्यांशी भांडून झालं, रोलर बदलून झाला, शेवटी मोटर टास्कमध्ये एक पिन टॉगल करून लॉजिक अ‍ॅनालायझर (पिनवरचे सिग्नल वेळेसकट नोंदवणारं यंत्र) लावला तर ५ मिलिसेकंदांनी यायचा पल्स एकदा चक्क ४३ ला आला.

चूक माझीच. मोटर ड्रायव्हर आणि डिस्प्ले एकाच एसपीआय बसवर (चिप्सना जोडणाऱ्या सामायिक तारा), आणि ती बस राखायला मी ठेवलेला बायनरी सेमाफोर, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारी खूण. डिस्प्लेने तो धरला की मोटर ताटकळणार, तेवढ्यात मोडेम उठून डिस्प्लेलाच बाजूला सारणार, म्हणजे ज्याचा बसशी काही संबंध नाही त्याच्यासाठी मोटर खोळंबलेली. त्याजागी म्युटेक्स (तसंच कुलूप) टाकला, त्यात प्रायॉरिटी इनहेरिटन्स असतं, म्हणजे कुलूप धरणाऱ्याला वाट बघणाऱ्याची वरची प्रायॉरिटी तात्पुरती मिळते; सेमाफोरमध्ये ते नसतं. १९९७ ला मंगळावर नासाचं पाथफाइंडर यान याच भानगडीने रिसेट होत होतं (तिथे व्हीएक्सवर्क्स ही अशीच दुसरी सिस्टिम, इनहेरिटन्स बंद राहिलेलं) हे वाचून लाज जरा कमी झाली.

पण म्युटेक्सनेही वाट बघणं संपत नाही, फक्त किती बघायची ते ठरतं, म्हणून डिस्प्लेची अख्खी फ्रेम एका दमात न पाठवता एकेक ओळ पाठवतो. आणि मोटरला व्हीटास्कडिले (आत्तापासून इतकं थांब) नको, व्हीटास्कडिलेअनटिल (मागच्या वेळेपासून मोजून थांब), नाहीतर कामाला लागलेला वेळ दर फेरीला त्या थांबण्यावर चढत जातो.

मोकळीक भरपूर आहे. मेमरी वाटायला हीप १ ते ५ या तयार पद्धतींपैकी कुठलीही घ्या, किंवा सगळं स्टॅटिक, म्हणजे आधीच राखून ठेवलेलं. मी स्टॅटिकच केलं, रात्रीची झोप लागते. स्टॅकचा (टास्कच्या तात्पुरत्या मेमरीचा) आकार वर्डमध्ये असतो, इथे वर्ड ४ बाइटचा, म्हणजे १२८ म्हणजे ५१२ बाइट, आणि एक एसएनप्रिंटएफ (मजकूर जुळवणारं फंक्शन) तेवढा सहज खातो. टास्कमध्ये मोठा आकडा म्हणजे वरची प्रायॉरिटी, कॉर्टेक्स-एमच्या इंटरप्टमध्ये (हार्डवेअरने मध्येच मारलेली हाक) बरोब्बर उलटं, यात माझा एक शनिवार गेला. कॉन्फिगअ‍ॅसर्ट (अशा चुका चालताना तपासणारी सोय) चालू ठेवा, तिथेच पकडलं जातं.

सध्या पल्स ५.३ मिलिसेकंदांच्या पुढे गेलेला नाही. मोडेम बोलत असताना डिस्प्ले अडखळतो, ऑपरेटरच्या ते लक्षात आलंय, अजून तरी काही बोलला नाहीये.