ब्रिटनमधील पीएच.डी.च्या विद्यावेतनाच्या नावाखाली झालेली फसवणूक

एम.एस्सी.ला माझा प्रबंध जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या संयुगाच्या थिन फिल्मवर होता. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी आणि ब्लू-रे तबकड्यांमध्ये याच कुळातील पदार्थ वापरले गेले. लेसरने वितळवून क्षणात थंड केला की हा पदार्थ अस्फटिकी होतो, त्याहून कमी तापमानापर्यंत तापवला की पुन्हा स्फटिकी होतो, आणि या दोन अवस्थांमधून प्रकाश कमी-अधिक परावर्तित होत असल्यामुळे त्यात माहिती साठवता येते. विषयाची ही माहिती आधी देण्याचे कारण असे की, ज्यांनी मला फसवले त्यांना ती चांगलीच अवगत होती.

प्रकाशीय माहिती-साठवणीच्या पदार्थांवर संशोधनासाठी ब्रिटनमधील एका विद्यापीठात पूर्ण विद्यावेतनाची जागा असल्याची जाहिरात मला एका सल्लागार संस्थेकडून मिळाली. सोबतच्या प्रकल्प-वर्णनात साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी २०१३ साली फेम्टोसेकंद लेसरने सिलिका काचेत केलेल्या पंचमितीय नोंदीचा आणि शांघायच्या गटाने २०२४ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केलेल्या शंभर थरांच्या तबकडीचा अचूक उल्लेख होता. ज्या प्राध्यापकांचे नाव दिले होते ते त्या विद्यापीठात खरोखरच आहेत आणि त्यांचे शोधनिबंध मी प्रबंधासाठी वाचलेले होते. पुढे ‘मुलाखत’ झाली. समोरच्या व्यक्तीने कॅमेरा बंद ठेवला होता, परंतु स्फटिकीभवनाचा वेग आणि नोंदीचा टिकाऊपणा एकाच पदार्थात साधणे अवघड का जाते, हा तिने विचारलेला प्रश्न कोणत्याही जाणकार परीक्षकाला शोभणारा होता. खरे शोधनिबंध आणि प्रकल्प-वर्णने सर्वांसाठी उपलब्ध असतात आणि त्यांवरून असे प्रश्न तयार करणे कठीण नाही. म्हणून समोरच्याला विषय येतो, एवढ्यावरून तो खरा ठरत नाही, ही गोष्ट मी सर्वांत आधी सांगू इच्छितो.

निवडपत्रात २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड विद्यावेतन लिहिले होते. ब्रिटनच्या संशोधन परिषदांनी त्या वर्षासाठी ठरवलेले किमान विद्यावेतन नेमके तेवढेच होते. त्यानंतर असे कळवण्यात आले की, परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क स्थानिक शुल्कापेक्षा जास्त असल्यामुळे त्या फरकातील काही भाग ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून भरावा लागेल आणि पहिल्या विद्यावेतनासोबत ती रक्कम परत केली जाईल. मी दीड लाख रुपये भरले. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. या परिषदांच्या निधीतून जागा मिळालेल्या परदेशी विद्यार्थ्याकडून शुल्कातील हा फरक विद्यापीठाने घ्यायचा नाही, असा त्यांचाच नियम आहे. पैसे ज्या खात्यावर मागितले गेले ते भारतातील एका व्यक्तीचे बचत खाते होते, आणि कोणतेही ब्रिटिश विद्यापीठ आपले शुल्क अशा खात्यावर घेत नाही.

दुसरी मागणी ‘एटास’ प्रमाणपत्रासाठी झाली. पदार्थविज्ञानासारख्या काही विषयांत संशोधनासाठी जाणाऱ्या भारतीय नागरिकांना व्हिसापूर्वी हे प्रमाणपत्र खरोखरच लागते, त्यामुळे ही मागणी मला पटण्यासारखी वाटली आणि मी आणखी अडतीस हजार रुपये पाठवले. हा अर्ज मात्र विद्यार्थ्याने स्वतः ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर करायचा असतो, त्याला कसलेही शुल्क नाही आणि निर्णयाला सहसा काही आठवडे लागतात. मला ‘प्रमाणपत्र’ आठवड्याच्या आत ईमेलने आले. त्यावर माझे नाव, विषय, शिक्का असे सर्व काही होते आणि ते पूर्णपणे बनावट होते.

त्यानंतर आरोग्य अधिभाराचे पैसेही आपल्याकडेच भरावेत, असे त्यांनी सांगितले, तेव्हा मी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून प्राध्यापकांचा अधिकृत पत्ता शोधून त्यांना थेट लिहिले. व्हिसा शुल्क आणि हा अधिभार व्हिसाच्या अर्जातच, ब्रिटिश सरकारकडे भरायचा असतो. प्राध्यापकांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले: अशी कोणतीही जागा नव्हती, मुलाखत झालेली नव्हती आणि त्यांच्या नावाने आलेल्या पत्राबद्दल विचारणारा मी पहिला भारतीय विद्यार्थी नव्हतो. मला येणाऱ्या पत्रांमधील पत्त्यात विद्यापीठाचे नाव होते, परंतु शेवट ‘डॉट एसी डॉट यूके’ असा नव्हता. हा शेवट तिथल्या पात्र शैक्षणिक आणि संशोधन संस्थांनाच मिळतो, कोणालाही विकत घेता येत नाही. पत्त्याचा मधला भाग कितीही ओळखीचा वाटला, तरी शेवट अक्षर न् अक्षर तपासावा.

मी त्याच दिवशी १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि बँकेला लेखी कळवले. दुसऱ्या हप्त्यातील काही रक्कम त्या खात्यात शिल्लक असल्याने गोठवली गेली. पहिला हप्ता तोवर पुढे गेलेला होता. पैशांइतकीच चिंता कागदपत्रांची आहे, कारण पासपोर्टची प्रत, गुणपत्रिका आणि प्रबंधाचा संपूर्ण मसुदा त्यांच्याकडे आहे. माझ्या मार्गदर्शकांनी तो मसुदा तारखेसह विभागाकडे नोंदवून ठेवला आहे. ज्यांना या विषयातील जागेचे असे पत्र आले असेल त्यांनी ते पत्र, पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि खाते क्रमांक आपल्या तक्रारीला जोडावा, म्हणजे एकाच खात्यावर गेलेल्या रकमा पोलिसांना एकत्र पाहता येतील.