सांगितला सव्वा लाख, हातात लाखाच्या आत: एका स्टाफिंग एजन्सीचा अनुभव

पगार वेळेवर, कागदपत्रं चोख, फोन केला तर उचलतात. रेटचा विषय निघाला की मात्र सगळ्यांची दातखीळ बसते. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे.

सविस्तर लिहितेय, कारण अशा एजन्स्यांबद्दल वाचायला मिळतं ते दोनच प्रकारचं. एक, "ग्रेट टीम, व्हेरी सपोर्टिव्ह." दोन, "सगळे चोर आहेत." त्यातून पुढच्या माणसाला काडीचा उपयोग होत नाही. एजन्सीचं नाव देत नाही, करार अजून चालू आहे. बाणेर-बालेवाडी पट्ट्यातली मध्यम आकाराची एजन्सी, एवढं पुरे. हिशेबाची पद्धत बहुतेक ठिकाणी हीच आहे.

मी सॅप एमएम कन्सल्टंट (सॅप हे कंपन्यांचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, एमएम म्हणजे त्यातला खरेदी आणि साठ्याचा भाग), अकरा वर्षांचा अनुभव, मूळची साताऱ्याची, राहायला वाकड. काम हिंजवडीतल्या एका जर्मन कंपनीच्या प्रकल्पावर (ती क्लायंट), पण पेरोल एजन्सीचा, म्हणजे पगार एजन्सी देते आणि बिल क्लायंटला लावते. करार सहा महिन्यांचा. सॅपची जुनी आवृत्ती ईसीसी काढून नव्या एसफोर हानावर जायचं, म्हणजे डेटा साफ करा, व्हेंडर मास्टर (पुरवठादारांची नोंद) तपासा, टेस्टिंग करा. सॅपने ईसीसीचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर थांबवायचं जाहीर केल्यापासून कंपन्यांची धांदल उडाली आहे आणि या कामाला माणसं कमी पडतायत. हे रिक्रूटरला माहीत असतं. आपल्याला माहीत आहे हे मात्र तिला माहीत नसतं.

पहिल्या फोनवर तीन प्रश्न ठरलेले. करंट सीटीसी (कंपनीला तुमच्यावर पडणारा एकूण खर्च) किती, एक्स्पेक्टेड किती, नोटीस किती. नाव-गाव नंतर. मुलगी चोवीस-पंचवीसची असेल, आवाज गोड, मागे कॉल सेंटरसारखा गलबला. मी विचारलं, "क्लायंटचं बजेट काय आहे?" तर म्हणाली, "मॅम, बजेट नो इश्यू, तुम्ही करंट सांगा ना." आता बजेट नो इश्यू असेल तर माझा जुना पगार कशाला हवा? पण सगळी गंमत तिथेच आहे. रेट कामाच्या किमतीवर ठरत नाही, तुमच्या मागच्या पगारावर ठरतो. जुना पगार अधिक पंचवीस-तीस टक्के, एवढ्यात माणूस खूश होतो, आणि बजेटमध्ये उरेल ते एजन्सीचं. मी करंट सांगितला नाही. "महिन्याला दीड लाख, यावर बोलू," एवढंच म्हटलं. दोन दिवस शांतता. मग अकाउंट मॅनेजरचा फोन, आणि शेवटी १,२५,००० वर जमलं. तेव्हा मला ते बरं वाटलं होतं, आजही फार वाईट वाटत नाही.

मधे एक मेल येतो, "अमुक एजन्सीलाच माझा प्रोफाइल पाठवायची परवानगी देते" असं लिहून द्यायचा. तो हलक्यात घेऊ नका. एकाच जागेसाठी दोन एजन्स्यांकडून तुमचा बायोडेटा गेला तर क्लायंट भांडणात पडत नाही, तुम्हालाच बाजूला ठेवतो. म्हणजे तो मेल पाठवला की त्या जागेपुरते तुम्ही त्या एजन्सीला बांधले गेलात. घासाघीस करायची ती त्याआधी. नंतर तुमच्या हातात काही उरत नाही.

आता मूळ हिशेब. तिसऱ्या महिन्यात टाइमशीट (कामाच्या दिवसांची नोंद) मंजूर करताना क्लायंटचे मॅनेजर वैतागून बोलून गेले, "मॅडम, तुमच्या जागेचं बिल दिवसाच्या रेटवर महिन्याला १,८०,००० पडतंय, मला वर उत्तरं द्यावी लागतात." मी चेहरा सरळ ठेवला. पुढे करार वाढवायची वेळ आली तेव्हा एजन्सीच्या अकाउंट मॅनेजरसमोर हा आकडा ठेवला. आधी आढेवेढे, मग त्याने स्वतःच साखळी सांगितली. क्लायंट आणि आमची एजन्सी यांच्यामध्ये आणखी एक मोठा व्हेंडर आहे, कारण क्लायंट फक्त पॅनेलवरच्या, म्हणजे आधी मंजूर केलेल्या व्हेंडरशीच व्यवहार करतो. त्या मोठ्याचे २२,०००. त्याचं काम काय, तर पोर्टलवर बिल चढवणं. आमच्या एजन्सीला मिळतात १,५८,०००. मला १,२५,०००. उरले ३३,०००.

"मॅडम, आम्ही वीस-एकवीस टक्केच ठेवतो." बरोबर आहे, त्यांच्या १,५८,००० च्या बिलावर काढले तर. माझ्या पगारावर काढले तर तेच ३३,००० सव्वीस टक्क्यांच्या वर जातात. त्यामुळे एजन्सीवाला टक्के सांगायला लागला की आधी विचारायचं, कशाचे टक्के? आणि टक्क्यांपेक्षा सरळ रुपये विचारलेले बरे.

या ३३,००० मध्ये सगळा नफा नाही, हेही सांगायला हवं. मला पगार महिनाअखेरीला मिळतो, वरच्या व्हेंडरकडून एजन्सीला पैसे यायला साठ दिवस लागतात. तेवढा काळ माझा पगार ते स्वतःच्या खिशातून देतात. दरसाल बारा टक्के व्याज धरलं तर एका महिन्याच्या पगारामागे अडीच हजार त्यातच गेले. रिक्रूटरचा पगार, जॉब पोर्टलचं भाडं, दहा जणांना पाठवल्यावर एकाची निवड होते त्या बाकीच्या नऊ जणांवरचा खर्च, हे सगळं त्यातूनच. मान्य. पण त्याने यादीत जीएसटीही घातला, तेव्हा मी थांबवलं. मनुष्यबळ पुरवठ्याच्या बिलावर अठरा टक्के जीएसटी लागतो, पण तो बिलाच्या वर लागतो. क्लायंट तो भरतो आणि नंतर इनपुट क्रेडिट घेतो, म्हणजे स्वतःच्या जीएसटीतून वजा करतो. एजन्सी फक्त गोळा करून सरकारजमा करते. माझ्या रेटशी त्याचा संबंध नाही. त्यावर तो हसला आणि विषय बदलला.

खरा मुद्दा मी त्याला कागदावर मांडून दाखवला. कायमच्या नोकरीसाठी माणूस दिला तर एजन्सी क्लायंटकडून एकदाच फी घेते. बाजारात रुळलेला आकडा ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या सीटीसीचा बारावा हिस्सा. माझ्या पंधरा लाखांवर ती होते १,२५,०००. (नव्वद दिवसांत माणूस सोडून गेला तर फुकट दुसरा द्यायचा, अशी अट बहुधा असते. पहिले तीन महिने रिक्रूटर "ऑल गुड ना मॅम?" असं विचारायला का फोन करते ते कळलं असेल.) कॉन्ट्रॅक्टमध्ये मात्र दरमहा ३३,०००. चार महिन्यांतच कायमच्या नोकरीच्या फीपेक्षा जास्त जमा झाले, सहा महिन्यांत १,९८,०००. मला शोधायचा खर्च कधीच वसूल झालाय. मग एक्स्टेन्शनला तोच रेट कशासाठी? पहिल्या करारात एजन्सीने मार्जिन घ्यावं, माझी तक्रार नाही. दुसऱ्या करारात मात्र ते खाली यायलाच हवं, कारण तेव्हा त्यांना नवीन काही करावं लागत नाही.

माझा नवा रेट आला. १,३५,०००. दहा हजारांनी त्यांचा जीव गेला नाही.

आता ऑफर लेटरबद्दल, कारण लोक तिथे फक्त वरचा आकडा बघतात. माझ्या १,२५,००० ची फोड अशी होती: बेसिक निम्मं, ६२,५००. त्यावर कंपनीचा बारा टक्के पीएफ, ७,५००, तोही माझ्याच सीटीसीत. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळायची रक्कम) ४.८१ टक्के, ३,००६. मेडिक्लेम १,०००. आणि 'कम्प्लिशन बोनस' ६,०००, जो करार संपल्यावर मिळणार. हे वजा केल्यावर ग्रॉस १,०७,४९४. त्यातून माझा पीएफ पुन्हा ७,५०० आणि व्यवसाय कर २००. हातात ९९,७९४, इन्कम टॅक्स अजून बाजूलाच.

पीएफचं दुःख नाही, तो माझ्या खात्यात जातो. एजन्सी पीएफ वेळेवर भरते, पासबुकात दर महिन्याला दिसतो, याचा एक तारा मी पूर्ण दिलाय. ग्रॅच्युइटीचं मात्र डोकं फिरवणारं. सहा महिन्यांच्या करारात ग्रॅच्युइटी? जुन्या कायद्यात पाच वर्षं लागायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीला ती एका वर्षावर आली, तरी सहा महिन्यांत ती मिळत नाहीच. म्हणजे सीटीसीत धरायची, द्यायची मात्र नाही. सही करायच्या आधी मी हे लिहून विचारलं, तर उत्तर आलं, "मॅम, दिस इज अवर स्टँडर्ड टेम्प्लेट." टेम्प्लेट असतं बाई, पण पैसे माझे आहेत. ते काही हलले नाहीत, आणि एवढ्यासाठी मी काम सोडणार नव्हते. आता एक्स्टेन्शन धरून वर्ष पूर्ण होतंय, तेव्हा त्यांना ती द्यावी लागेल. एचआरला तसा मेल टाकून ठेवलाय.

दुसरी भानगड रजेची. चुलत बहिणीच्या लग्नाला दोन दिवस साताऱ्याला गेले. पगारात कापले ९,७७२. हिशेब केला तर ग्रॉस भागिले बावीस. लेटरमध्ये बावीस की तीस, काहीच लिहिलेलं नाही. तीसने भागलं असतं तर ७,१६६ झाले असते. त्यांचं म्हणणं, क्लायंट कामाच्या दिवसांवर बिल भरतो, म्हणून आम्हीही तसंच कापतो. ठीक. मग ज्या महिन्यात कामाचे दिवस तेवीस भरतात त्या महिन्यात क्लायंटकडून एका दिवसाचं बिल जास्त येतं, ते मला मिळतं का? यावर पेरोलच्या माणसाने दोन दिवस घेतले आणि बावीस-तीसच्या फरकाचे २,६०६ पुढच्या पगारात टाकले. वाद घातला नाही, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं. पण न विचारणाऱ्यांचे किती जात असतील?

टीममधल्या एकाने पेरोलवर न जाता थेट बिल देऊन काम करायचं ठरवलं. त्याला त्याच एजन्सीने माझ्यापेक्षा जास्त रेट दिला, दहा टक्के टीडीएस कापून. पीएफ नाही, मेडिक्लेम नाही, आणि वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी त्याची त्याने करायची. नवऱ्याच्या ऑफिसचा विमा असता तर मीही तेच केलं असतं. गृहकर्ज काढायचं असेल तर मात्र पेरोलच बरा, बँकवाले सॅलरी स्लिप बघून लगेच मवाळ होतात.

बाकी सेवा चांगली आहे. सॅलरी स्लिप पोर्टलवर येते, फॉर्म १६ साठी मागे लागावं लागत नाही असं आधीपासून असलेले लोक सांगतात, आणि टाइमशीटला क्लायंटने उशीर केला तेव्हा एजन्सीने माझा पगार अडवला नाही. उमेदवाराकडून एक रुपयाही घेत नाहीत. रजिस्ट्रेशन किंवा लॅपटॉप डिपॉझिट म्हणून कुणी पैसे मागितले तर तो एजन्सीवाला नाही, फोन ठेवून द्या.

तर जायचं का? जा. पण करंट सीटीसी सांगू नका, परवानगीचा मेल रेट ठरल्यावरच पाठवा, रजा कितीने भागणार ते लेटरमध्ये लिहून घ्या, आणि कम्प्लिशन बोनस शक्य असेल तर मासिक पगारात घालून मागा. एक्स्टेन्शनच्या लेटरमध्ये मी तो काढून टाकायला लावला. पहिल्या कराराचे ३६,००० मात्र अजून यायचे आहेत, 'प्रोसेसमध्ये' आहेत म्हणे. आले की चौथा तारा देईन.