‘आडनाव भरणे आवश्यक आहे’ : वंशावळीची सशुल्क साइट वर्षभर वापरल्यावर

परवा बँकेचा एसएमएस आला की उद्या तुमच्या कार्डावरून अमुक रक्कम वळती होणार. वंशावळीच्या त्या परदेशी साइटचे वार्षिक सभासदत्व, न विचारता, पुढच्या वर्षात निघाले होते. तेव्हाच ठरवले की आता लिहायचेच. साइटचे नाव घालत नाही. या नादात ज्यांनी पैसे घातलेत त्यांना ओळखू येईल. झाड, म्हणजे वंशवृक्ष, कसे करायचे, हिंट म्हणजे काय, फुकट खात्यात काय मिळते, हे सगळे यूट्यूबवर पडले आहे. मला फक्त एका रकान्याबद्दल बोलायचे आहे. एकाच रकान्यावर थांबेन असे वचन मात्र देत नाही.

आमचे मूळ गाव कोसुंब, तालुका संगमेश्वर. आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले आणि आम्ही पुणेकर झालो. खापरपणजोबांचे थोरले भाऊ बाबाजी ‘मोरसला गेले’, म्हणजे मॉरिशसला, एवढे घरात सगळ्यांना पाठ. पुढचे प्रत्येकाचे वेगळे. आत्या म्हणायची, वाटणीवरून भांडून गेले. काका म्हणायचे, मुकादमाने मुंबईला नोकरी म्हणून नेले आणि बोटीत घातले. आजीच्या मते तर तिकडे दगड उलटला की सोने निघते असे कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवले होते. निवृत्तीनंतर वेळ होता, म्हणून पैसे भरले. साडेसात हजारांच्या आसपास, वर साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनासाठी बँक लावते तो जादा आकार, आणि त्या मार्कअपवर जीएसटी. हे शेवटचे दोन आकडे साइट आधी सांगत नाही, बँकही नाही, ते थेट स्टेटमेंटमध्ये भेटतात.

आता तो रकाना. शोधाच्या पानावर नाव, आडनाव, जन्मवर्ष, ठिकाण. जन्मवर्ष रिकामे चालते, ठिकाण रिकामे चालते. आडनाव रिकामे ठेवले की खाली लाल अक्षरांत ‘आडनाव भरणे आवश्यक आहे’. अहो, १८५०-६० च्या सुमारास कोकणातून गेलेल्या कुणब्याला आडनाव कुठले? आमच्याकडचे जुने कागद काढा, ‘बाबाजी बिन सखाराम’ एवढेच असते. आम्ही जे आडनाव लावतो ते आजोबांच्या नोकरीच्या कागदांत पहिल्यांदा दिसते. म्हणजे बाबाजींना ते कुणी सांगितलेच नव्हते.

ग्राहक सेवेला कळवले. चॅटवर उत्तर आले की घरातील वयस्कर व्यक्तींना आडनाव विचारून पाहा. मी ६७ वर्षांचा आहे, घरात माझ्याहून वयस्कर फक्त भिंतीवरचे घड्याळ आहे. पुन्हा लिहिले. या वेळी सल्ला आला की त्या जागी तारांकन टाका. टाकले. जगभरातले यच्चयावत बाबाजी आणि त्यांच्याशी उच्चार जुळणारे बॅबेज, बॅबकॉक वगैरे साहेबलोक समोर आले. तिसऱ्यांदा लिहिले तेव्हा तक्रार ‘सोडवली’ म्हणून बंद झाली आणि सेवेला तारे द्या म्हणून मेल आला. दिला एक. त्याहून कमी देता येत नाही, तोही रकाना सक्तीचा.

पहिले तीन-चार महिने माझे मत पैसे पाण्यात असेच होते आणि त्या काळात मी इथे लिहिले असते तर हा मजकूर इथेच संपला असता. त्या रागात पेशवे दफ्तरातही जाऊन आलो, कारण ते पुण्यातच आहे. पण तिथले बहुतेक कागद बाबाजींच्या आधीच्या काळातले. मुंबई बंदरातून मॉरिशसच्या मळ्यांवर करारावर गेलेल्या मजुरांसंबंधीचा सरकारी पत्रव्यवहार पाहायचा तर फोर्टात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जावे लागते. फॅमिलीसर्च ही मॉर्मन चर्चची साइट मात्र पूर्ण फुकट आहे आणि तिथे हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीसुद्धा छायाचित्रे आहेत. ज्यांचे पूर्वज तीर्थयात्रेला जाऊन आले त्यांनी पैसे भरण्याआधी ती पाहावी. आमचे कोसुंबच्या पुढे गेले ते थेट समुद्रापार.

मग एका रात्री नुसता वैताग म्हणून आडनावाच्या जागी बापाचे नाव टाकले. बाबाजी, आडनाव सखाराम, ठिकाण मॉरिशस. आणि यादी एकदम पाच-सहा माणसांवर आली.

हे का चालले ते नंतर उमगले, आणि कोकणातून किंवा साताऱ्याकडून गेलेला पूर्वज शोधणाऱ्या कुणालाही हे उपयोगी पडेल म्हणून जरा विस्ताराने. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरातल्या डेपोत उतरणाऱ्या प्रत्येक मजुराची नोंद व्हायची : नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, गाव, बोट आणि कुठल्या मळ्यावर पाठवला ते. आडनावाचा प्रश्नच नव्हता. आज लोक ही माहिती संगणकात भरतात तेव्हा रिकामे आडनाव कुठेच चालत नाही, म्हणून बापाचे नाव तिथे जाते. पुढच्या पिढीत उलटे होते. बाबाजींचा मुलगा ‘अमुक बाबाजी’ झाला आणि तिथून बाबाजी हेच घराण्याचे आडनाव म्हणून गोठले. मॉरिशसच्या मराठी लोकांत रामजी, भिवाजी, सखाराम ही आडनावे आहेत ती याच वाटेने आली. म्हणजे मूळ माणूस बापाच्या नावाने शोधायचा आणि त्याची नातवंडे-पतवंडे त्याच्या स्वतःच्या नावाने. स्पेलिंगच्या शेवटी दोन ई टाकून पाहायचे, हेही लक्षात ठेवा.

याहून महत्त्वाची गोष्ट आहे क्रमांक. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ बोटीने कलकत्त्याहून आलेले ३६ मजूर उतरले तिथपासून पुढे साधारण साडेचार लाख माणसे तिकडे गेली. मुंबईहून मॉरिशसला जायला १८४२ च्या कायद्याने पुन्हा परवानगी मिळाली. या प्रत्येकाला क्रमांक होता आणि नावाचे स्पेलिंग दर कागदावर बदलले तरी क्रमांक तोच राहायचा. अशा माणसाला शोधायला याहून नेमके काय हवे? पण साइटवर क्रमांकासाठी रकाना नाही! ‘इतर टिपा’मध्ये लिहा म्हणतात, आणि टिपांमध्ये शोध लागत नाही. नेपोलियनच्या सैन्यातल्या शिपायाची तुकडी भरायला रकाना आहे, कुत्र्याचे नाव भरायलाही आहे.

तर त्या पाच-सहांपैकी एक बाबाजी रत्नागिरीचे होते, म्हणजे स्पेलिंगवरून तसे वाटत होते. (साइटच्या नकाशाने त्यांना ओडिशातल्या रत्नागिरीवर टाचले होते. दुरुस्ती सुचवली आहे, पाहू.) ते झाड मॉरिशसमधल्या वाक्वा गावातल्या एका मुलीने केलेले. साइटच्या निरोपपेटीत लिहिले आणि दोन दिवसांत उत्तर, सुरुवात ‘नमस्कार काका’ आणि पुढे सगळे इंग्रजीत. तिने हे काम ओसीआय कार्डासाठी, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते त्या कार्डासाठी, काढले होते. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधानांनी तिथे जाऊन सातव्या पिढीपर्यंत कार्ड देण्याचे जाहीर केले, तेव्हापासून तिच्या घरात कागद गोळा करणे चालू होते. जन्म, लग्न, मृत्यूचे दाखले एकेक पिढी मागे नेत ती क्रमांकापर्यंत पोचली आणि मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून, जिथे या मजुरांचे मूळ दप्तर जपून ठेवले आहे, तिने उतारा मिळवला. सोबत फोटो.

इथे माझे मत बदलले, हे लिहायलाच हवे. साडेसात हजारांत मला त्या मुलीचा पत्ता लागला. साइटच्या स्वतःच्या नोंदींतून काहीही मिळाले नाही, पण ती तिथे होती म्हणून मिळाली. याला साइटचे श्रेय म्हणायचे का, यावर घरात मतभेद आहेत. सौ. म्हणते, लग्न जुळले तर मंगल कार्यालयाला कोणी श्रेय देते का.

फोटोतल्या माणसाच्या अंगावर बंडी, छातीशी क्रमांकाची पाटी, नजर सरळ कॅमेऱ्यात. हौसेचा फोटो नव्हे. करार संपलेल्या मजुरांनी फोटो लावलेला पास कायम जवळ बाळगावा असा कायदा १८६७ मध्ये तिकडे झाला आणि पास नसला की भटक्या म्हणून पकडायचे. त्याविरुद्ध १८७१ मध्ये आडोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याच्या मदतीने ९४०१ मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरला गेला आणि पुढे चौकशीसाठी रॉयल कमिशन बसले. म्हणजे त्या जाचक कायद्यामुळे आज आमच्याकडे चेहरा आहे. मी कान ओळखले. सौ. म्हणाली, कान कुणाचेही असतील, कपाळावरची आठी मात्र तुमचीच.

आता दुसरी बाजू. घरात एक मोडी कागद होता तो वाचून घेतला. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणारे इतके गुंतलेत की नंबर लागायला महिना गेला, आणि दर विचारू नका. कागदात ‘बाबाजी बिन सखाराम परागंदा’ असे स्पष्ट आहे. नाव जुळले, बापाचे नाव जुळले. घोडे अडले ते गावावर. मोकाच्या उताऱ्यात गावाचे नाव इंग्रजी कारकुनाने जे लिहिले आहे ते मला कोसुंब वाटते, मुलाला कसबा वाटते. दोन्ही संगमेश्वर तालुक्यातच आणि बाबाजी-सखाराम ही नावे त्या काळी वाडीवाडीला. कसबा असेल तर तो माणूस आमचा नाही. साइटने मात्र आमची दोन्ही झाडे परस्पर जोडून ‘अभिनंदन’ कळवले आहे. हे जोडकाम रद्द करायचे बटण शोधायला मला आडनावाच्या रकान्याइतकाच वेळ लागला.

सभासदत्वाचे म्हणाल तर बँकेचा तो एसएमएस म्हणजे साइटची कृपा नव्हे. आपोआप वळत्या होणाऱ्या रकमेची किमान २४ तास आधी सूचना द्यावी हा रिझर्व्ह बँकेचा नियम. त्या एसएमएसमधल्या लिंकवरून मँडेट, म्हणजे आपोआप रक्कम वळती करायची परवानगी, रद्द केले, दोन मिनिटांत झाले. त्यानंतर साइटकडून रोज एक मेल येतो. आधी ‘पेमेंटमध्ये अडचण आली’, मग ‘तुमचे पूर्वज वाट पाहत आहेत’, आणि काल तर निम्म्या किमतीत वर्ष देऊ केले. म्हणजे पूर्ण किंमत भरली ती कशाची, हा प्रश्न आहेच. कोणाला घ्यायचे असेल तर एक महिन्याचे घ्या, बापाचे नाव आडनावात टाकून शोधा, झाड करणाऱ्यांना निरोप पाठवा आणि महिना संपायच्या आत सगळे उतरवून घ्या. केलेले झाड फुकट खात्यातही राहते. वाक्वाची मुलगी आता व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, त्याला मार्कअप लागत नाही.

पुढचे काम देवरुखच्या तहसील कचेरीत. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, दोन्ही गावांचे पाहायचे आहे. बाबाजी त्यात सापडायचे नाहीत, ते कधीच निघून गेले होते. पण कसब्यात सखारामाचा दुसरा कोणी मुलगा निघाला तर आमचा दावा गेला. कसब्याच्या कुणाकडे १८७० च्या आधीचे मोडी कागद असतील तर जरूर कळवा. वाचनाचा खर्च मी करीन. निम्मा.