सिनॉलॉजीचा दोन डिस्कचा बॅकअप डबा : द्राक्ष एक्सपोर्टच्या ऑफिसात एक हंगाम वापरल्यावर

आमचं ऑफिस नाशिकला आडगावात, पॅकहाउस पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे. जानेवारी ते एप्रिल द्राक्षं युरोपला जातात. रेसिड्यू रिपोर्ट (औषधांच्या अंशाची तपासणी), ग्रेपनेट या निर्यात द्राक्षांच्या सरकारी नोंदणीचे कागद, फायटो म्हणजे रोग-कीडमुक्तीचा दाखला, पॅकिंग लिस्ट आणि लोडिंगच्या वेळचे पॅलेटचे फोटो, सगळं गुगल वर्कस्पेसवर, म्हणजे गुगलच्या ऑफिससाठीच्या मेल आणि ड्राइव्हवर असतं. डॉक्युमेंटेशन मी बघते आणि ॲडमिनचा पासवर्डही माझ्याकडेच असतो. म्हणून पुढे जे सांगते आहे ती चूक माझी आहे.

२०२४ च्या मार्चमध्ये भरलेला एक कंटेनर. त्या हंगामात जहाजं तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून जात होती, त्यामुळे माल रॉटरडॅमला पोचायला नेहमीपेक्षा बरेच दिवस जास्त लागले. इकडे हंगाम संपत आला, लोडिंगचं बघणारा मुलगा ३१ मार्चला सोडून गेला आणि २ एप्रिलला मी त्याचं अकाउंट डिलीट केलं. दर महिन्याला एका अकाउंटचे पैसे कशाला भरायचे, एवढाच विचार केला. डिलीट करताना गुगल विचारतं की याच्या ड्राइव्हमधल्या फायली दुसऱ्या कुणाच्या नावावर करायच्या का. मी ते न वाचता पुढे गेले. फोटोंचा फोल्डर आम्ही सगळेच उघडायचो, म्हणून तो ऑफिसचा आहे असं वाटायचं. प्रत्यक्षात तो त्या मुलाच्या नावावर होता.

२९ एप्रिलला खरेदीदाराचा क्लेम, म्हणजे नुकसानभरपाईची मागणी आली. काही पॅलेटमध्ये कूज, मणीगळ. त्याने लोडिंगचे फोटो आणि मण्याच्या तापमानाच्या नोंदी मागितल्या. डिलीट केलेलं अकाउंट ॲडमिनला २० दिवसांपर्यंत परत आणता येतं. तो २७ वा दिवस होता. प्रीकूलिंग, म्हणजे भरण्याआधी माल थंड करणं, नीट झालं होतं, त्या रात्री मी स्वतः पॅकहाउसवर उभी होते, पण दाखवायला हातात काही नव्हतं. पेमेंटमधून २ लाख ८० हजार कापले गेले. अण्णा, म्हणजे आमचे मालक, एवढंच म्हणाले, “ताई, तुम्हीच म्हणाला होता ना, ड्राइव्हवर आहे म्हणजे कुठं जात नाही?”

पुढच्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची बातमी आली. गुगल क्लाउडवरचा त्यांचा प्रायव्हेट क्लाउड चुकीने उडाला होता, दोन ठिकाणच्या प्रतींसकट. त्यांना दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा आधार मिळाला. ते वाचून मी अण्णांकडे गेले आणि खर्च मंजूर करून घेतला.

घेतलं ते सिनॉलॉजी कंपनीचं डीएस २२४ प्लस, ऑफिसच्या नेटवर्कला जोडून डेटा साठवायचं यंत्र. चपलेच्या खोक्यापेक्षा लहान काळा डबा, आत ४ टीबीच्या दोन डिस्क, दोन्हींवर तोच डेटा, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी चालू. डिस्क आणि यूपीएससकट ६० हजारांच्या आसपास गेले. मला पटलं ते यातलं ॲक्टिव्ह बॅकअप फॉर गुगल वर्कस्पेस हे सॉफ्टवेअर. जीमेल, ड्राइव्ह, शेअर्ड ड्राइव्ह, कॉन्टॅक्ट, कॅलेंडर या सगळ्याचा बॅकअप ते घेतं आणि दर अकाउंटमागे वेगळं लायसन्स लागत नाही. आमची एरवी ११ अकाउंट, हंगामात १६ होतात. दर माणशी दर महिना पैसे घेणाऱ्या ऑनलाइन सेवा मी पाहिल्या होत्या. आमच्यासारख्या चार महिने फुगणाऱ्या ऑफिसला तो हिशोब बसत नाही.

बसवणं मात्र घरच्या घरी होण्यातलं नाही. गुगलच्या बाजूला सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी सॉफ्टवेअरने वापरायचं खातं) काढायचं, त्याची किल्ली, म्हणजे एक फाइल, डब्यात चढवायची, मग ॲडमिन कन्सोलमध्ये त्याला अख्ख्या डोमेनची परवानगी द्यायची. एम.जी. रोडवरच्या एका दुकानाचा इंजिनिअर आला, त्याचा पूर्ण दिवस गेला. डिस्क फॉरमॅट करताना बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम निवडावी लागते, नाहीतर हे पॅकेज चालत नाही. आणि ती किल्ली जपा. त्या फाइलच्या जोरावर कंपनीतल्या प्रत्येकाची मेल वाचता येते. आमची पेन ड्राइव्हवर टाकून अण्णांच्या तिजोरीत ठेवली आहे. पहिला बॅकअप पाच दिवस चालला. त्यानंतर फक्त बदललेलं तेवढंच घेतं, कामाच्या वेळी नेट अडखळल्याचं मला जाणवलं नाही.

रिस्टोअरचं पोर्टल खरंच सोपं आहे. खाली टाइमलाइन असते. हवी ती तारीख निवडायची की त्या दिवशी ड्राइव्ह जसा होता तसा दिसतो. फाइल निवडून परत मूळ अकाउंटमध्ये टाकता येते किंवा नुसती डाउनलोड करता येते. फेब्रुवारीत दिंडोरीच्या बागायतदारांच्या फवारणी नोंदींचा फोल्डर कुणीतरी फोनवरून उडवला होता. मला कळलं तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते, अकराच्या चहाआधी फोल्डर जागेवर होता. खरं तर तो ट्रॅशमध्येही ३० दिवस सापडला असता, पण तिथे शोधत बसावं लागलं नाही.

उणिवा आहेत. गुगल फॉर्म बॅकअपमध्ये येत नाहीत. उत्तरं ज्या शीटमध्ये जमतात ती शीट येते, तेवढ्यावर आम्ही भागवतो. हिशोबाचं ऑनलाइन सॉफ्टवेअर याच्या कक्षेत नाही, त्यातला डेटा मी दर महिन्याच्या पाच तारखेला हाताने उतरवून घेते. आणि डबा ऑफिसातच आहे. उद्या आग लागली, पाणी शिरलं, चोरी झाली तर बॅकअपही जाणार. म्हणून डब्यातल्याच हायपर बॅकअप या सॉफ्टवेअरने यूएसबी डिस्कवर आणखी एक प्रत काढतो. दर शनिवारी ती डिस्क माझ्या पर्समधून इंदिरानगरला घरी जाते, सोमवारी परत येते. आडगावात लाइट जाते तेव्हा डबा यूपीएसवर चालतो आणि बॅटरी संपत आली की स्वतःहून नीट बंद होतो. यूपीएस यूएसबी केबलने डब्याला जोडायला विसरू नका, आमच्याकडे ती केबल आधी खोक्यातच पडून राहिली होती.

काही जण विचारतात, ड्राइव्ह कॉम्प्युटरवर सिंक केलेला आहे, मग वेगळा बॅकअप कशाला? सिंकमध्ये इकडे उडवलं की तिकडेही उडतं. त्याला बॅकअप म्हणू नका.

यंदाही हंगाम संपल्यावर लोडिंगचा मुलगा गेला. फायली आधी माझ्या नावावर करून घेतल्या आणि मग त्याचं अकाउंट डिलीट केलं. तरी कॅलेंडरवर २१ व्या दिवसाला खूण केली होती. त्या दिवशी पोर्टलमध्ये त्याचं नाव निवडलं, टाइमलाइन फेब्रुवारीवर नेली. फोल्डर होता. एक फोटो डाउनलोड करून उघडला : पॅलेट नंबर, मण्यात खुपसलेला थर्मामीटर, त्यावरचा आकडा स्पष्ट वाचता येत होता. अण्णांना बोलावून दाखवला.