मदर्स डेला कॉम्प्टन: रॅप टूरला पाचपैकी साडेतीन

मदर्स डेला लेकीने आईला भेट काय द्यावी, तर लॉस एंजेलिसमधली गँगस्टा रॅपची (म्हणजे टोळ्या, बंदुका, पोलीस यांवरच्या गाण्यांची) व्हॅन टूर! माणशी ८५ डॉलर, चार तास, सुरुवात लायमर्ट पार्कहून. मी टॉरन्सला १९ वर्षं राहतेय, पण या रॅपचं माहेर असलेलं कॉम्प्टन म्हणजे माझ्यासाठी ९१ फ्रीवेवरची एक पाटी. तिथे उतरायचं नसतं हे कुणी सांगितलं होतं आठवत नाही, पण मी ते इमानदारीत पाळत आले होते.

आधी रडगाणं उरकते. व्हॅन चौदा जणांची, एसी मात्र पुढच्या दोन रांगांनाच. प्रत्येक थांब्याआधी कंपनीने गोळीबार आणि सायरनचं रेकॉर्डिंग वाजवायची सोय केलीय. पहिल्यांदा दचकलो, चौथ्यांदा लेकीनेच कानात बोटं घातली, आणि तिचं तर हे लाडकं संगीत. टी-शर्टच्या दुकानात ३५ मिनिटं काढली (मोजली मी), स्लॉसन आणि क्रेन्शॉच्या नाक्यावर जेमतेम सात. २०१९ मध्ये रॅपर निप्सी हसलला तिथेच, त्याच्या स्वतःच्या दुकानाबाहेर गोळ्या घातल्या. वडील एरिट्रियाचे, त्यांनी २००४ मध्ये त्याला तीन महिने तिकडे नेलं होतं, आणि परत आल्यावर पोरगा धंद्याचं बोलायला लागला. हे मला लेकीने सांगितलं, रेकॉर्डिंगने नाही. रेकॉर्डिंगला फक्त गोळ्या ठाऊक.

पैसे वसूल झाले ते गाईडमुळे. साठीचा माणूस, इथेच वाढलेला, खाकी पँटची इस्त्री अशी की घडीवर कागद कापावा. पुढच्या सीटवरच्या एका पाहुण्याने फोटोसाठी बोटांनी टोळीवाल्यांची कसलीशी खूण केली, तर त्याने गाडी बाजूला घेतली आणि शांतपणे म्हणाला, "हात खाली घ्या. तुम्ही संध्याकाळी हॉटेलवर जाल, मला इथेच राहायचंय."

कॉम्प्टनमध्ये शिरताना १९८८ चा एन.डब्ल्यू.ए. या कॉम्प्टनच्याच रॅप ग्रुपचा तो गाजलेला अल्बम दणदणीत लावलेला. एफबीआयने त्याच्यातल्या पोलिसांवरच्या गाण्यावरून रेकॉर्ड कंपनीला पत्र धाडलं होतं, वगैरे वगैरे. तेवढ्यात गाणं तुटलं आणि सगळ्या स्पीकरांतून एका म्हातारीचा आवाज आला. गाईडचा फोन ब्लूटूथला जोडलेला होता! "चर्चमधून आले मी. कुठे आहेस? येताना बटर आण. बिनमिठाचं. मागच्या वेळी खारट आणलंस." साठीचा गडी स्टिअरिंगवर ताठ झाला: "यस मॅम. नो मॅम. बिनमिठाचं, मॅम." अख्खी व्हॅन चिडीचूप, मग हशा. लेक कुजबुजली, "आई, कॉम्प्टनच्याच रॅपर केंड्रिक लमारच्या २०१२ च्या अल्बममध्येही त्याची आई फोनवर असंच बोलते. माझी व्हॅन परत आण म्हणून."

त्यानंतर गाईडने रेकॉर्डिंग बंदच केलं. (मालकांना कळवू नका.) म्हणाला, तुम्हाला वाटतं ही पोरं बेवारशी होती. एन.डब्ल्यू.ए.मधल्या ईझी-ईचे वडील पोस्टात, आई शाळेत नोकरीला. त्याच ग्रुपमधल्या आइस क्यूबचे आईवडील दोघंही घरात, वडील यूसीएलए विद्यापीठाच्या बागांची निगा राखायचे. पोरगा बसने लांब व्हॅलीतल्या हायस्कूलला जायचा, पुढे फीनिक्सला ड्राफ्टिंग शिकून आला. मला हे खरोखर माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात बाप नाही, म्हणून बंदूक, म्हणून गाणं असं सरळ गणित होतं. कृष्णवर्णीय घरांच्या मोडतोडीवरच्या १९६५ च्या सरकारी मॉयनिहन अहवालापासून ते गणित अमेरिकेत चालत आलंय, मी फक्त आयतं उचललेलं.

गाईडचं गणित वेगळं होतं. दक्षिणेतून आलेल्या घरांना साउथ गेटच्या जनरल मोटर्सने, फायरस्टोनने पगार दिला. १९८० च्या आसपास ते कारखाने एकामागोमाग बंद झाले. मग क्रॅक (कोकेनचे ओढायचे स्वस्त खडे) आलं, आणि १९८६ चा कायदा: पाच ग्रॅम क्रॅकला किमान पाच वर्षं, तीच शिक्षा पावडर कोकेनला व्हायला पाचशे ग्रॅम लागायचे. मी फार्मसिस्ट. पाच ग्रॅम म्हणजे साखरेचा एक चमचा. एका चमच्यासाठी घरातला बाप पाच वर्षं आत! आणि जे बाप घरी राहिले त्यांचं काय, तर सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा २०१३ चा अहवाल मी घरी येऊन वाचला. पाच वर्षांखालच्या पोरांबरोबर राहणाऱ्या कृष्णवर्णीय बापांपैकी ७० टक्के पोरांची अंघोळ, कपडे, लंगोट रोज बघतात. गोऱ्या बापांत ६० टक्के. आमच्या घरचा आकडा मी इथे देत नाही.

बायकांवरच्या शिव्यांचं काय, असं मी विचारलंच. आई देवी, बाकीच्या बाया कचरा, हे कसं? (आपल्या शिव्याही आईवरूनच असतात म्हणा.) त्याने सारवासारव केली नाही. म्हणाला, या गाण्यांविरुद्ध सगळ्यात मोठा आवाज उठवला तो सी. डेलोरेस टकरबाईंनी, डॉ. मार्टिन ल्यूथर किंगबरोबर मोर्च्यात चाललेल्या कृष्णवर्णीय बाईने. आणि माझ्या आईने तर कॅसेट केराच्या डब्यात टाकली. "तुम्ही काय केलंत?" "रात्री काढली, पुसली, हेडफोनवर ऐकली."

परतताना त्याने रॅपर टुपाकचं आईवरचं गाणं लावलं. त्याची आई अफेनी शकूर ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेतली, गरोदरपणी तुरुंगात, स्वतःचा खटला स्वतःच लढवला. १९७१ च्या मे महिन्यात सुटली, जूनमध्ये टुपाक झाला. पुढे तिला क्रॅकचं व्यसन लागलं, आणि १९९५ च्या गाण्यात पोराने तेही झाकलं नाही, वर आभार मानले. लेकीने तेवढ्यात माझा हात धरला, मग फोन वाजला म्हणून सोडला.

दीड तारा कापला तो एसी, सायरन आणि टी-शर्टसाठी. जाणार असाल तर पहिल्या दोन रांगा मागून घ्या, पाणी न्या, लहान पोरांना नेऊ नका. गाईडचं नाव इथे लिहीत नाही, पण बुकिंग करताना इस्त्रीच्या पँटवाले काका द्या म्हणा, कळेल त्यांना. आणि वीस डॉलर सुटे ठेवा. आम्ही दिले, तर म्हणाला बटरला होतील.