भाडे-साहाय्याचा अर्ज : खिडकीवर आपुलकी, प्रतीक्षायादीत ढिलाई

शेजारच्या आजींसोबत अमेरिकेतील ‘सेक्शन ८’ व्हाउचरचा, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना घरभाड्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, अर्ज येथील गृहनिर्माण कार्यालयात भरला. खिडकीपलीकडच्या बाईंनी सोशल सिक्युरिटीचे (सरकारी निवृत्तिवेतनाचे) पत्र आणि औषधांच्या पावत्या एकेक करून तपासल्या. भाड्यातील आपला हिस्सा साधारणपणे समायोजित (मान्य वजावटी वगळून उरलेल्या) उत्पन्नाच्या ३० टक्के असतो आणि वृद्धांच्या वैद्यकीय खर्चाची वजावट मिळाल्यास तो कमी होतो, हे त्यांनी शांतपणे समजावले. ही आपुलकी मला फार मोलाची वाटली. प्रतीक्षायादीची व्यवस्था मात्र सदोष आहे: पत्ता बदलल्याचे कळवूनही कार्यालयाचे पत्र जुन्याच घरी गेले, उत्तर न आल्याने आजींचे नाव वगळले गेले आणि लेखी विनंतीनंतरच ते पुन्हा घेतले गेले. पत्ता कळवल्याची पोच अवश्य मागून घ्यावी.