तीन किलोचा सुपरहिरो, आत नऊशे ग्रॅम केक

मुलुंडमधल्या एका घरी मुलाच्या सहाव्या वाढदिवसाला हा केक आला. लाल पोशाख, निळी केप, कमरेवर हात ठेवून उभा असलेला हिरो, उंची सव्वा फूट. ऑर्डर ३ किलोची, भाव १,५०० रुपये किलो, सत्तर टक्के आगाऊ यूपीआयने आणि उरलेले पैसे केक दारात आल्यावर. दिसायला छान होता. मुलाने सुरी धरली, ती छातीत अर्धा इंच गेली आणि करकरली. आत थर्माकोल होता. फाँडंटच्या, म्हणजे वरून चढवलेल्या साखरेच्या जाड आवरणाच्या, आतल्या अंगाला पांढरे दाणे चिकटलेले, आणि समोर पंचवीस मुलं प्लेट घेऊन उभी. खायचा केक होता तो फक्त हिरोच्या पायाखालच्या गोल चबुतऱ्यात.

बेकरला फोन लावला तर उत्तर मिळालं, "मॅडम, वजन तर पूर्ण दिलंय ना?" ते खोटं म्हणता येईना. केक ताब्यात घेताना आजोबांनी तो काट्यावर ठेवला होता आणि २ किलो ९४० ग्रॅम भरला होता. सगळी मेख इथेच आहे. कोणी घास घेण्याआधी एकेक भाग सुटा करून तोलला, तेव्हा चबुतऱ्यातला क्रीम केक भरला ९०० ग्रॅम, फाँडंट १,२०० ग्रॅम, खालची पाटी ८०० ग्रॅम आणि थर्माकोल काड्यांसकट ४० ग्रॅम. एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) बारा इंची चौकोनी पाटी १२ मिलिमीटर जाडीची असेल तर तिचंच वजन पाऊण किलोच्या वर जातं. म्हणजे केकच्या भावाने लाकूड विकलं होतं, आणि बहुतेक मुलं सोलून बाजूला ठेवतात ते फाँडंटही.

थर्माकोल वापरला म्हणजे फसवलंच असं नाही, हेही सांगायला हवं. मोठ्या केकचे वरचे मजले 'डमी' असतात, ते आधी सांगितलेलं असतं आणि त्यांचे पैसे वजनावर लावत नाहीत. उभ्या हिरोचे पाय तर स्पंजचे होऊच शकत नाहीत, दोन किलोचं धड त्यावर उभं राहणार नाही. प्रामाणिक कारागीर पाटीला खालून भोक पाडून आटे असलेली सळई नटबोल्टने घट्ट बसवतो, तिच्यावर खाद्यपदार्थांना चालणारी प्लास्टिकची नळी चढवतो आणि पाय मॉडेलिंग चॉकलेटने किंवा फाँडंटने मढवतो. मांड्यांच्या वर एक छोटी गोल पाटी अडकवतो. खरा केक त्या पाटीवर, म्हणजे धडात. हात आणि डोकं तांदळाच्या क्रिस्पीज आणि वितळवलेला मार्शमेलो एकत्र दाबून करतात, कारण ते हलकं असतं आणि आकार धरतं. म्हणून ऑर्डर देताना एकच प्रश्न आधी विचारा: "केक कुठल्या कुठल्या भागात आहे, आणि त्या भागाचं वजन किती?" ज्याने असा केक खरोखर उभा केला आहे तो पाय, धड, डोकं असं लगेच मोजून सांगेल. "तुम्ही काळजीच करू नका, फोटोसारखाच होईल" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा.

फोटोवर तर मुळीच जाऊ नका. दुसऱ्याच्या केकचे फोटो उचलून पान सजवायला पाच मिनिटं लागतात. गुगल लेन्समध्ये फोटो टाकला की तो आणखी कुठे कुठे आहे ते कळतं. त्याहून पक्की खूण म्हणजे सांगाड्याचा फोटो: सळई बसवलेली पाटी, कोरलेला उघडा स्पंज, गनाश (चॉकलेट आणि क्रीमचा घट्ट लेप) लावलेलं धड. असे अर्धवट, ओबडधोबड फोटो प्रत्येक कारागिराच्या फोनमध्ये असतात, आणि ते चोरून मिळणं अवघड असतं.

दुसरी खूण दिवसांची. "उद्या संध्याकाळी देतो" म्हणणारा कोरीव केक करत नाही. छातीवरचं चिन्ह, मास्क, पट्टा हे आधी करून दोन-तीन दिवस सुकवावे लागतात. पाव किलो फाँडंटला एक छोटा चमचा टायलोज पावडर मळली की ते कडक होतात. स्पंज भाजून रात्रभर फ्रिजमध्ये गुंडाळून ठेवायचा, कारण ताजा स्पंज कोरताना भुगा होतो. दुसऱ्या दिवशी थर रचून कोरायचं आणि गनाशचा लेप द्यायचा. तिसऱ्या दिवशी ३ मिलिमीटर जाडीचं फाँडंट चढवून बारकावे करायचे. कोरताना स्पंजचा बराच भाग कापून वाया जातो, त्याचेही पैसे भावात असतात. म्हणून साध्या क्रीम केकच्या भावात उभा हिरो देऊ करणारा कुठे तरी हात मारणारच.

मुलुंडच्या केकमध्ये तो क्रीमवरही मारला होता. चबुतऱ्यात गनाशऐवजी व्हिपिंग क्रीम होतं. ते फेटल्यावर फुगतं, स्वस्तात जागा भरते. पण त्यातलं पाणी फाँडंटमधली साखर ओढून घेते आणि फाँडंट चिकट होऊन घसरू लागतं. आपल्या मुंबईच्या दमट हवेत, त्यातून जून ते सप्टेंबरमध्ये, हे तासाभरात दिसतं. इथे डार्क चॉकलेटचं गनाश तीन भाग चॉकलेट आणि एक भाग क्रीम असं घट्ट लागतं. दोनास एक हे थंड हवेचं प्रमाण, ते एसीबाहेर टिकत नाही. व्हाइट चॉकलेटला चारास एकही कमीच वाटतं.

रंगाचं दुखणं सगळ्यात जास्त काळजीचं. पांढऱ्या फाँडंटमध्ये रंग ओतून गडद लाल करायला गेलं तर ते मऊ पडतं, कडवट लागतं आणि मुलांची जीभ संध्याकाळभर लाल राहते. तयार लाल फाँडंट क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास केक सामानाच्या दुकानांत सहज मिळतं, फक्त महाग असतं. सोनेरी पट्ट्यासाठी वापरतात त्या चमकीच्या डबीवर नुसतं 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असेल तर ती खायची नाही. खाण्याच्या चमकीवर 'एडिबल' असं स्पष्ट असतं आणि घटकांची यादी असते. डबीचा फोटो मागायला संकोच करू नका, लहान मुलांच्या पोटात जाणारी वस्तू आहे.

आणि 'एगलेस' म्हणजे शाकाहारी असं धरून चालू नका. स्पंजमध्ये अंडं नसलं तरी मार्शमेलोत आणि काही फाँडंटमध्ये जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून येतं. चतुर्थीला किंवा गुरुवारी वाढदिवस असलेल्या घरांनी पाकिटावरचा हिरवा ठिपका मागून बघावा.

केक दारात आला की उरलेले पैसे देण्याआधी दोन मिनिटं घ्या. पाठीमागे केपखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी, बारीक लाकडी काडी दोन इंच घाला. खऱ्या केकमधून ती गनाश आणि स्पंजचा चुरा घेऊन बाहेर येते. थर्माकोलमध्ये ती अडते, करकरते आणि कोरडीच निघते. हातांमध्ये टूथपिक खोचल्या आहेत का तेही विचारा. त्या फाँडंटमध्ये दिसत नाहीत आणि मुलांच्या घशाला धोका असतो. केक बाइकवरून आला आणि मोडला तर "वाटेतल्या खड्ड्यांमुळे" हे कारण ऐकून घेऊ नका. उभा केक गाडीतून, एसी लावून, सपाट डिकीत किंवा पुढच्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागेत आणायचा असतो. सीटवर कधीच नाही, ती मागे उतरती असते.

या प्रकरणात तक्रार केल्यावर बेकरने "रिफंडसाठी स्कॅन करा" म्हणून क्यूआर कोड पाठवला. सुदैवाने घरच्यांनी पिन टाकला नाही. यूपीआय पिन फक्त पैसे पाठवताना लागतो, घेताना कधीच नाही. असे पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितके ते परत मिळणं कठीण. निकृष्ट केकसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे काम झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. खाण्याच्या सुरक्षिततेची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे. बेकरचा एफएसएसएआय (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) नोंदणी क्रमांक १४ अंकी असतो, तो आगाऊ रक्कम देण्याआधीच मागून ठेवलेला बरा.

पुरावा मात्र केक कापतानाच गोळा होतो. कापण्याचा सलग व्हिडिओ, सुट्या भागांचं काट्यावरचं वजन, थर्माकोलचे तुकडे, पाटी आणि व्हॉट्सॲपवर "केक ३ किलो" असं बेकरने स्वतः लिहिलेला मेसेज. ऑर्डर देतानाच हा मजकूर पाठवून 'हो' मागून घ्या: "पाटी, सळई, डमी आणि फाँडंट सोडून स्पंज व गनाश मिळून वजन … किलो. केक धडात आणि चबुतऱ्यात. जिलेटिन नाही. थर्माकोल नाही, असल्यास कुठे ते लिहा."